तुझे लक्ष कुठे होते?

भगिनींनो, थंडी सुरू झाली की आपल्या या पानावर डिंकाचे लाडू, टाचांच्या भेगा आणि लहान मुलांची सर्दी यांविषयी लिहिण्याची रीत आहे. या वेळी ते सारे बाजूला ठेवते. घरातली एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मला चाळीस वर्षे लागली.

माझे माहेर ओझरचे. नाशिकहून आग्रा रोडने निघाले की वीसेक किलोमीटरवर, बाणगंगेच्या काठी वसलेले गाव. १९६४ मध्ये येथे मिग विमानांचा कारखाना आला आणि गावाचे नावच लोकांच्या तोंडी ‘ओझर मिग’ झाले. गाव निफाड तालुक्यातले, आणि निफाडची थंडी उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मोकळे माळरान, निरभ्र आकाश आणि कोरडी हवा, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब सोडून देते. त्यात उत्तरेकडचा वारा सुटला की पहाटे दात वाजतात. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा पहाटे द्राक्षबागाईतदार झोपत नाहीत. मणी तडकू नयेत म्हणून ते बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात. आमच्याकडे थंडीत माणसेही शेकतात आणि द्राक्षेही शेकतात, असे गमतीने म्हणतात ते उगीच नाही.

गेल्या डिसेंबरात चार दिवस भावाकडे ओझरला गेले होते. थोरली ताईही आली होती. संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटली. भावाची दोन्ही मुले, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, भोवती खेळत होती. एक ठिणगी उडाली आणि धाकट्याच्या स्वेटरवर पडली. त्याच्या आजोळच्या मावशीने चटकन झटकली. एक काळा ठिपका उमटला, बाकी काही झाले नाही. पण मी ताडकन उठले आणि त्या अकरा वर्षांच्या पोरीवर ओरडले, “तुझं लक्ष कुठं होतं गं?”

अंगणात चार मोठी माणसे बसलेली होती. त्यातल्या कोणालाही मी हा प्रश्न विचारला नाही.

पोरगी कावरीबावरी झाली. ताईने तिला जवळ ओढले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला एवढेच म्हणाली, “तिला का बोलतेस? तिचं वय काय?”

मी ताईच्या हाताकडे पाहिले. उजव्या हाताची शेवटची दोन बोटे तळव्याकडे वळलेली आहेत. ती सरळ होत नाहीत. आणि मला १९८२ सालचा डिसेंबर आठवला.

तेव्हा आम्ही गावातल्या दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा कारखान्यात मदतनीस होते. आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाई. डिसेंबर म्हणजे बागेतल्या बायांना उसंत नसण्याचा महिना. घडातले मणी विरळ करायचे आणि मग एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचा. बाया त्याला ‘डिपिंग’ म्हणतात. दिवसभर हात ओले, त्यात वारा. आई घरी येई तेव्हा तिची बोटे लाकडासारखी झालेली असत. अण्णांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. ते रात्री बारापर्यंत येणार नव्हते.

म्हणजे संध्याकाळचे घर ताईकडे. ताई बारा वर्षांची, सातवीत. मी नऊ वर्षांची, भाऊ पाच वर्षांचा. शाळेतून आले की पाणी भरायचे, चूल पेटवायची, भाकरी टाकायच्या आणि आम्हा दोघांना सांभाळायचे, हे तिचे काम ठरून गेले होते. ते कोणी ठरवले हे कोणालाच सांगता आले नसते. त्या वर्षी ती शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होती. तेव्हा ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असे. भाकरी तव्यावर असताना ती चुलीच्या उजेडात गणिते सोडवी. पिठाचे बोट लागलेली ती वही मला अजून आठवते.

गल्लीच्या टोकाला मोठी मुले शेकोटी करीत. उसाचे पाचट, बाभळीच्या काटक्या, सायकलचा जुना टायर, जे मिळेल ते. शेकोटीभोवती आमचा एक खास खेळ होता. दिवसभर डोक्यावरून विमाने जात, त्यामुळे आमच्या खेळांतही विमानेच असत. खेळाचे नाव ‘मिग उडवणे’. दोन्ही हात पसरायचे, लांबून धावत यायचे आणि शेकोटीवरून उडी मारून पलीकडे उतरायचे. एक जण टॉवर व्हायचा. टॉवरने “टेक ऑफ!” म्हटल्याशिवाय मिग उडायचे नाही.

ताईने बजावले होते, “बाळाला शेकोटीकडे नेऊ नकोस. घरासमोरच खेळवा-खेळवी कर.” मी “हो” म्हटले आणि पाच मिनिटांत त्याला घेऊन शेकोटीवर गेले. मोठी मुले जेवायला घरी गेली होती. शेकोटी विझत आली होती, निखारे तेवढे उरले होते. भाऊ म्हणाला, “मला पन मिग व्हायचंय.” आईने थंडीसाठी त्याला शालीची गाती बांधून दिली होती. मानेमागे पक्की गाठ, वर कॅशमिलॉनच्या लोकरीचे दोन लांब पदर. ते पदर मीच मोकळे केले आणि त्याच्या हातात दिले. म्हटले, “हे तुझे पंख.”

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण नुसत्या निखाऱ्यांवरून उडी मारण्यात काय मजा? मी मूठभर पाचट उचलले आणि शेकोटीत टाकले. भक्कन जाळ उठला. तो धावत आला आणि मी टॉवर होऊन ओरडले, “टेक ऑफ!”

पाच वर्षांचे पोर ते किती उडणार? तो पलीकडे उतरला, पण एक पंख जाळातून ओढला गेला. तो पुढे धावू लागला आणि वाऱ्याने शाल भडकली. मी जागची हलले नाही. ओरडलेही नाही.

ओरडला तो. ताई भाकरीचे पीठ लागल्या हातांनी धावत आली. मानेमागची गाठ सुटेना. तिने डाव्या हाताने गाठ धरली आणि उजव्या हातात जळती शाल गोळा करून ती त्याच्या अंगापासून लांब धरली, तशीच दातांनी गाठ सोडवली. मग त्याला मातीत लोळवले. हे सगळे किती वेळात झाले असेल? भाकरी उलटायला लागतो तेवढ्या वेळात. बाळाची पोटरी आणि मांडीची मागची बाजू भाजली. ताईच्या तळव्याला वितळलेली लोकर चिकटून बसली होती.

गल्ली जमा झाली. सगळी माणसे आपली, मायेची. कोणी शाळेच्या दौतीतली निळी शाई आणून ओतली. कोणी टूथपेस्ट लावली. कोणी हळद आणि तेल आणायला धावले. एका आजीने मोठ्याने बजावले, “पाणी लावू नका रे, फोड येतील!” आमच्यापासून दोन पावलांवर पाण्याने काठोकाठ भरलेली टाकी होती. पाणी बर्फासारखे गार होते. त्या पाण्याला अर्धा तास कोणी हात लावला नाही.

अर्ध्या तासाने शेजारच्या गल्लीतल्या नर्सबाई ड्यूटीवरून परतल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आधी पाणी का नाही घातलं?” त्यांनी टाकीवर दोघांनाही बसवले आणि तांब्यामागून तांब्या पाणी सोडायला लावले. बाळाचे बाकीचे अंग गोधडीत गुंडाळून ठेवले, नाहीतर थंडीने काकडला असता. मग आग्रा रोडवर एक ट्रक थांबवून त्या स्वतः आम्हाला नाशिकच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

आई तिथेच येऊन पोहोचली. बागेतून परस्पर, पदराला औषधाचा वास. तिने बाळाकडे पाहिले आणि ताईच्या थोबाडीत मारली. हाताला पट्टी बांधलेल्या मुलीच्या थोबाडीत. “तुझं लक्ष कुठं होतं?”

ताई काही बोलली नाही. मग आई माझ्याकडे वळली, “आणि तू?”

मी म्हणाले, “ताईनंच सांगितलं, बाहेर जाऊन खेळा म्हणून.”

ताईने एकदा माझ्याकडे पाहिले. बस्स, एवढेच.

आईला मी दोष देत नाही. दिवसभर कमरेतून वाकून आलेल्या बाईला रात्री दवाखान्यात दोन लेकरे भाजलेली दिसली. तिच्या हातात जे होते ते तिने केले. पुढे महिनाभर ती ताईला स्वतःच्या हाताने घास भरवी आणि घास भरवताना डोळे पुसे. पण ‘थोरलीचे लक्ष नव्हते’ हा निकाल मात्र घरात कायम झाला. पाहुणे आले की तोच सांगितला जाई. मी तेथेच बसलेली असे.

बाळ दोन महिन्यांत धावू लागला. ताईचे तसे झाले नाही. मूठ मिटून ठेवली की कमी दुखते, म्हणून ती हात मिटून ठेवी. बोटे सरळ ठेवायची असतात, रोज हलवायची असतात, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. जखम भरली ती मिटलेल्या मुठीतच भरली. नवी कातडी आखडते आणि बोटांना आत ओढते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला ती बसू शकली नाही. डाव्या हाताने लिहायला शिकली, दहावी झाली, पुढे शिक्षण थांबले. बघायला येणारे पाहुणे आधी हाताकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे.

त्या रात्री, भावाच्या अंगणात, मुले झोपल्यावर मी ताईला सगळे सांगितले. पाचट मी टाकले. पंख मी दिले. टेक ऑफ मी म्हटले. आणि दवाखान्यात खोटेही मीच बोलले. भाऊही ऐकत होता. त्याला त्या दिवसाचे एवढेच आठवते की ताईने त्याला मातीत लोळवले आणि तो रागावला.

ताई निखाऱ्यांकडे पाहत म्हणाली, “मला तेव्हाच माहीत होतं. पाचट पडल्याचा उजेड मी दारातून पाहिला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू नऊ वर्षांची होतीस. तुला मारलं असतं.” थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “राग तुझा नाही आला कधी. एकाच गोष्टीचा यायचा. तू नऊ वर्षांची होतीस हे सगळ्यांना दिसत होतं. मी बारा वर्षांची होते, हे कुणी मोजलं नाही.”

भगिनींनो, हे वाक्य ऐकल्यापासून मला झोप लागत नाही, असे मी म्हणणार नाही. पण त्या अकरा वर्षांच्या पोरीवर मी कोणत्या हक्काने ओरडले, हा प्रश्न जात नाही. ज्या प्रश्नाने माझ्या बहिणीचा हात आणि शाळा दोन्ही गेली, तोच प्रश्न माझ्या तोंडात तयार होता. आपल्या कष्टकरी घरांत थोरल्या मुलीला नकळत आईच्या जागी बसवले जाते. आई-बाप कामावर असतात, दुसरा इलाज नसतो, हे खरे आहे. मदत तिने करावी. भाकरी टाकावी, धाकट्याचा हात धरावा. पण अपघात झाला तर जबाबदारी बारा वर्षांच्या पोरीची नाही. आणि ती नऊ वर्षांच्या पोरीचीही नाही, हे ताईने मला सांगितले. ते मान्य करायला मला ताईपेक्षा जास्त वेळ लागतो आहे.

आता जे नर्सबाईंनी आम्हाला शिकवले, आणि आजचे डॉक्टरही तेच सांगतात, ते नीट लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे भारतात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम ते गंभीर स्वरूपाची भाजतात. हा आकडा आपल्याच घरांतून तयार होतो.

कपड्याने पेट घेतला तर पळू द्यायचे नाही. पळाल्याने वारा लागतो आणि आग वाढते. जमिनीवर आडवे करून लोळवावे किंवा जाड सुती गोधडीत, घोंगडीत गुंडाळावे. नायलॉन, कॅशमिलॉन असे कपडे वितळून कातडीला चिकटतात. खरी लोकर तशी पटकन पेटत नाही. म्हणून शेकोटीजवळ मुलांना लोंबणारे पदर, शाली, ओढण्या नकोत. गाती बांधली तर पदर आत खोचलेले असावेत.

भाजल्याबरोबर वीस मिनिटे साधे गार पाणी, नळाखाली किंवा तांब्याने धार धरून. फोड भाजल्यामुळे येतात, पाण्यामुळे नव्हे. पाणी आतली उष्णता काढून घेते आणि जखम खोल जाऊ देत नाही. उशीर झाला असला तरी तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. बर्फ मात्र लावू नये. मूल लहान असेल आणि थंडी असेल तर भाजलेल्या भागावरच पाणी सोडावे, बाकीचे अंग पांघरुणात ऊबदार ठेवावे. बांगड्या, अंगठ्या, करदोटा सूज येण्याआधी काढावा. चिकटलेला कपडा ओढून काढू नये. फोड फोडू नयेत. शाई, टूथपेस्ट, हळद, तेल, तूप काहीही लावू नये. त्याने जखम दूषित होते, आणि डॉक्टरांना आधी तेच खरवडून काढावे लागते. ताईच्या तळव्यावरची शाई काढताना ती जशी ओरडली, तशी भाजतानाही ओरडली नव्हती.

मग जखम स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. भाजलेला भाग मुलाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, नाजूक जागा भाजली असेल तर अजिबात थांबू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. आणि हात भाजला असेल तर बोटे कशी ठेवायची, व्यायाम कधी सुरू करायचा, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारून घ्यावे. जखम भरली म्हणजे काम संपले नाही. आखडलेली बोटे पुढे शस्त्रक्रियेने सोडवता येतात, पण वेळेवर केलेला व्यायाम हातचा असतो आणि फुकट असतो.

थंडीत शेकोटीइतकीच आंघोळीच्या पाण्याची बादलीही घात करते. बादलीत आधी गार पाणी घालावे, मग कढत. आणि शेकोटी उठताना पाणी ओतून विझवावी. राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो, आणि सकाळी अनवाणी पायाने पहिले तेथे येते ते मूलच. हे निखारे घमेल्यात भरून बंद खोलीत शेकायलाही ठेवू नयेत. त्यातून निघणाऱ्या वायूला रंग नाही, वास नाही आणि झोपेतच माणूस जातो.

ताई आज निफाड तालुक्यातल्याच एका खेड्यात अंगणवाडी चालवते. दर थंडीत मातांच्या बैठकीत ती हा विषय काढते. आधी विचारते, “भाजलं तर काय लावाल?” टूथपेस्ट, हळद, शाई अशी उत्तरे येतात. मग ती आपला उजवा हात वर धरते. जास्त बोलावे लागत नाही, असे ती सांगते. बायका तो हात पाहतात आणि ‘आधी पाणी’ एवढे घरी घेऊन जातात. आता बैठकीत ती आणखी एक वाक्य जोडते. मूल भाजले की आधी पाणी घाला, मग दवाखाना गाठा, आणि जाब विचारायचाच असेल तर सगळ्यांत शेवटी विचारा. तोही मोठ्या माणसांना.

भावाच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी जवळ बसवले आणि सांगितले, काल माझे चुकले. तिने मान हलवली आणि विचारले, “आत्या, मग आज संध्याकाळी मी शेकोटीला येऊ ना?”

या थंडीत तुमच्या अंगणात शेकोटी पेटेल तेव्हा पाण्याची एक भरलेली बादली शेजारी ठेवा. ती पेटवण्याचे आणि राखण्याचे काम एखाद्या मोठ्या माणसाकडे द्या. आणि थोरल्या लेकीला त्या संध्याकाळी नुसते शेकू द्या.